वेताळाच्या डोळ्यांतला प्रश्न

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या उर्दू शाळेत आठवीला मी मराठीचा धडा शिकवत होते. मागच्या बाकावरचा एक मुलगा पुस्तकाआड दुसरंच काही वाचत होता. जवळ जाऊन पाहिलं, तर कडा झिजलेलं, वेताळाचं जुनं इंद्रजाल कॉमिक्स. मी ते काढून घेतलं. तो घाबरत उठला आणि म्हणाला, “मॅडम, एक विचारू? वेताळाच्या डोळ्यांत बाहुलीच काढलेली नाही. मग त्याला दिसतं कसं?”

वर्ग हसला. मी चिडले. “नको ते विचारू नकोस,” म्हणून त्याला बसवलं आणि वहीत त्याच्या वडिलांसाठी दोन ओळी लिहिल्या.

आठवड्याभरानं वडील शाळेत आले. “मॅडम, याच्या मामूंनी पेटीभर पुस्तकं दिली होती. सगळी रद्दीत घातली. आता फक्त अभ्यास.” बिचारे समाधानानं सांगत होते. मुलगा शेजारी मान खाली घालून उभा होता. त्या दिवसापासून वर्गात त्याचा हात वर झाला नाही.

इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झाली आणि १९९० मध्ये बंद पडली. त्या मुलाच्या जन्माच्या कितीतरी आधीची ती पुस्तकं. उर्दू माध्यमाचा मुलगा आपणहून मराठी वाचत होता, आणि मी मराठीची शिक्षिका ते त्याच्या हातातून काढून घेत होते!

आणि त्याचा प्रश्न तरी फालतू होता का? युक्लिड आणि टॉलेमी यांच्यासारखे विद्वान मानत, की डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि म्हणून आपल्याला दिसतं. तसं असतं, तर बाहुली नसली तरी वेताळाचं भागलं असतं. हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या इब्नुल हैसम यांनी ‘किताबुल मनाझिर’मध्ये हे तपासून पाहिलं. प्रखर उजेडाकडे पाहिलं की डोळे दुखतात, म्हणजे काहीतरी बाहेरून आत येतं. अंधाऱ्या खोलीच्या बारीक छिद्रासमोर त्यांनी अनेक दिवे ठेवले. एक दिवा झाकला की आतला नेमका त्याचाच उजेड नाहीसा व्हायचा. उजेड सरळ रेषेत येतो, हे त्यातून दिसलं. पुढे हा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला आणि युरोपातल्या अभ्यासकांनी तो शतकानुशतके वाचला.

तत्त्वज्ञानाचंही असंच. बाराव्या शतकात अंदलुसियातल्या इब्न तुफैल यांनी ‘हय्य इब्न यक्झान’ ही कथा लिहिली. बेटावर एकट्या वाढणाऱ्या मुलाला एक हरिणी सांभाळते. ती मरते तेव्हा तो विचारात पडतो, हिच्यातलं नेमकं काय गेलं? ते शोधता शोधता तो निसर्ग समजून घेतो आणि शेवटी निर्मात्यापर्यंत पोहोचतो. तत्त्वज्ञानाचा हा ग्रंथ, पण सुरुवात एका मुलाच्या प्रश्नानं.

इतिहासही घ्या. अहमदनगरचा किल्ला मुघलांविरुद्ध लढवणारी चांदबीबी आपल्यापैकी कितीतरी जणांना पहिल्यांदा चित्रकथेतच भेटली असेल. मोठे ग्रंथ नंतर हाती येतात.

घरात आपण पुस्तकांचे दोन ढीग करतो, एक अभ्यासाचा, एक टाइमपासचा. मुलांच्या डोक्यात असे ढीग नसतात. तिथे वेताळ आणि विज्ञान एकाच बाकावर बसतात. अभ्यास बुडू नये ही काळजी रास्त आहे. त्यासाठी वेळ ठरवून द्या, पण पेटी रद्दीत घालू नका.

उशिरा का होईना, मी वर्गासमोर त्याची माफी मागितली. बुटांच्या खोक्याला एका बाजूला टाचणीनं भोक पाडलं, समोरच्या बाजूला पातळ कागद लावला आणि भोक खिडकीकडे केलं. कागदावर बाहेरचं चिंचेचं झाड उमटलं, पण उलटं! सगळे ओरडले. तो मात्र बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग हळूच हात वर केला. “मॅडम, शेंड्याकडचा उजेड सरळ खाली जातो आणि बुंध्याकडचा वर, म्हणून का?”

रद्दीत गेलेली पेटी आता परत येणार नाही. जप्त केलेलं ते एक कॉमिक्स तेवढं माझ्या कपाटात वाचलं होतं. ते मी त्याला परत दिलं. वडिलांनाही बोलावून सांगितलं, की चूक माझी होती. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि विचारलं, “मॅडम, अशी पुस्तकं अजून कुठे मिळतील?”