सायकल तिनं का सोडायची?

रंकाळ्याच्या रस्त्यावर मुलगी एकटी सायकलवरून निघाली की मागून उगाच हॉर्न, शेजारून मोटारसायकल घासत नेणं, चहाच्या गाड्यावरून शेरे, हे ठरलेलं. घरी सांगितलं तर उत्तरही ठरलेलं, "लक्ष देऊ नकोस." पुढची पायरी, "सायकल बंद कर."

या दुसऱ्या सल्ल्याची मला चीड येते. मोटारीत काच वर करता येते. सायकलवर तोल हाच काय तो आधार. दचकली की चाकाखाली. मग ही थट्टा कशी? भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ नुसार अशा शेऱ्यांना, हावभावांना तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मुली आपापल्या परीनं निभावतात. जोडीनं जातात, रस्ता बदलतात, गाडीचा नंबर लक्षात ठेवतात, ११२ ला फोन करतात. पण सगळी खटपट तिनंच का करायची?

१८४८ साली पुण्यात सावित्रीबाईंनी शाळेत जाताना शेण-दगड झेलले. त्या घरी बसल्या असत्या तर? बिहारनं २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली दिल्या आणि हायस्कुलातल्या मुली वाढल्या. सायकल काढून घेणं म्हणजे शाळा लांब करणं.

शाहू महाराजांनी १९१९ साली बायकांच्या घरातल्या छळाविरुद्ध कायदा केला. घरातला छळ त्यांनी खाजगी मानला नाही, आपण भर रस्त्यातला मानतो! दसरा चौकात त्यांच्या पुतळ्याला हार जरूर घाला. पण चहाच्या गाड्यावर शेजारचा काही बरळला, तर "गप की रे" एवढं तरी म्हणा.