तांबी नको म्हणणारी बाई अडाणी नाही

तांबी काळजापर्यंत चढते, तांबीनं कॅन्सर होतो, अशा अफवांमुळे बायका ती बसवून घेत नाहीत, असं कुटुंबनियोजनाची चर्चा निघाली की हमखास ऐकू येतं. मग जनजागृती करा, आशाताईंना आणखी एक प्रशिक्षण द्या. हे निदान मला मान्य नाही.

अफवा आहेत आणि त्या खोट्याच आहेत. पण तांबीनं पाळीत जास्त रक्त जातं, पोटात कळा येतात, पहिले तीन ते सहा महिने हा त्रास अधिक होतो, ही काही अफवा नव्हे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. अंगात आधीच रक्त कमी, उसाच्या फडात राबायचं तर तिथे ना आडोसा ना पाणी, आणि घरी पाळीत बाजूला बसायची रीत असेल तर ते दिवसही वाढणार. अशी बाई तांबी नको म्हणते ते पूर्ण विचार करून. १९६५मध्ये सरकारनं लूपची, म्हणजे तांबीच्या आधीच्या, गर्भाशयात बसवायच्या साधनाची मोहीम धडाक्यात काढली, रक्तस्रावाच्या तक्रारींकडे मात्र पुरेसं पाहिलं नाही. लूपवरचा विश्वास उडाला तो त्यामुळे.

‘आपल्या बायकांना ऑपरेशनच बरं वाटतं’ हा दुसरा युक्तिवाद. त्याच सर्वेक्षणात स्त्री-नसबंदी ३७.९ टक्के, तांबी २.१ टक्के आणि पुरुष-नसबंदी ०.३ टक्के आहे. याला आवड म्हणायचं? नवरा तयार नाही, बाकीचे पर्याय कुणी नीट समजावलेले नाहीत, मग पंचविशीत ऑपरेशन करून मोकळं व्हायचं. तांब्याची ३८० ए तांबी दहा वर्षं चालते, आणि काढली की पुन्हा दिवस राहू शकतात. तरण्या बाईला हे कळायलाच हवं.

माझ्या मते सगळं अडतं ते तांबी काढण्यापाशी. त्रास होतो म्हणून गेलेल्या बाईला ‘थोडं सोसा, सवय होईल’, ‘नवऱ्याला घेऊन या’ असं ऐकवलं जातं. नवऱ्याची संमती कायद्यानं लागत नाही. माहितीही वेळेवर द्यायला हवी. प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत तांबी बसवता येते, पण त्याबद्दल विचारायचं ते गरोदरपणाच्या तपासणीत, कळा सुरू झाल्यावर नव्हे. ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन थांबवल्यावर दिवस राहायला काही महिने लागतात, हे पहिल्या इंजेक्शनआधीच सांगायला हवं. आणि ‘काढा’ म्हणून आलेल्या बाईची तांबी त्याच दिवशी, कारण न विचारता काढून द्यावी. ती घरी जाऊन जावेला, शेजारणीला काय सांगते, त्यावर त्या गावातल्या पुढच्या दहा बायका ठरवणार आहेत.