वही एकच, पाने हवी तितकी

पाककृतींचे संकेतस्थळ चालवणाऱ्या एखाद्या गृहिणीला वाटते, प्रत्येक पाककृतीखाली वाचणारीला स्वतःपुरते टिपण करता यावे. 'साखर अर्धी वाटी पुरे', 'सासूबाईंसाठी तिखट कमी' असे काहीतरी. पण पाककृती पन्नास असतील तर तोच मजकूर पन्नास ठिकाणी चिकटवायचा का? संगणक शिकणारी मुले सुरुवातीला हेच करतात. मग एक चूक सापडली की पन्नास ठिकाणी दुरुस्ती!

यावरचा उपाय म्हणजे 'वेब कंपोनंट'. शिवणकाम करणाऱ्यांना तो लगेच कळेल. कागदी कटिंग एकदा नीट काढले की त्यावर हवे तितके ब्लाउज बेतता येतात. अ‍ॅलेक्स रसेल यांनी २०११ मध्ये ही कल्पना मांडली; २०२० पासून ती सर्व प्रमुख ब्राउझरमध्ये चालते. वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही.

जावास्क्रिप्टच्या एका फाईलमध्ये 'टिपण-वही' असा नवा टॅग नोंदवायचा. प्रत्यक्षात हे नाव लहान रोमन अक्षराने सुरू व्हावे आणि त्यात जोडरेघ असलीच पाहिजे. एचटीएमएलच्या स्वतःच्या टॅगशी गल्लत होऊ नये म्हणून हा नियम. टॅग पानावर बसला की फाईलमधले काम सुरू होते. लिहिण्याचा चौकोन मांडला जातो, जुने टिपण असेल तर त्यात भरले जाते. चौकोन 'शॅडो डॉम'मध्ये ठेवला तर पानाच्या सजावटीचे नियम आत घुसत नाहीत. अक्षराचा रंग आणि वळण तेवढे बाहेरून येते, ते एका परीने बरेच.

खरी मेख साठवणीत आहे. टिपणे ब्राउझरच्या 'लोकल स्टोरेज'मध्ये राहतात. एका संकेतस्थळाला साधारण ५ एमबी जागा मिळते. प्रत्येक वहीला पानाने वेगळे नाव द्यायला हवे, पुरणपोळी, चिवडा असे. नाव सगळीकडे एकच राहिले तर चिवड्याचे टिपण पुरणपोळीच्या टिपणावर जाऊन बसते आणि आधीचे कायमचे जाते. म्हणून एकाच पानावर दोन वह्या ठेवून आधी हेच तपासा. नाव दिलेले नसेल तर वहीने गुपचूप लिहून घेऊ नये, स्पष्ट सांगावे. टंकणे थांबल्यावर अर्ध्या सेकंदाने जतन करणे सोयीचे. जागा संपली किंवा ब्राउझरने मनाई केली तर जतन होत नाही. तेव्हा 'जतन झाले' ही अक्षरे खरोखर जतन झाल्यावरच उमटली पाहिजेत. पुष्कळ जण इथेच घाई करतात.

टिपण पुन्हा दाखवताना ते निव्वळ मजकूर म्हणून दाखवावे, 'इनर एचटीएमएल'ने नव्हे. नाहीतर कुणी टिपणात घुसवलेला कोड पानावर चालू लागेल.

हीच फाईल उद्या शिकवणीच्या संकेतस्थळावर धड्यांखाली बसेल. फक्त लक्षात ठेवा, ही टिपणे त्याच संगणकावर, त्याच ब्राउझरमध्ये राहतात. घरात चौघे तोच संगणक वापरत असतील तर चौघांनाही ती दिसतील, आणि कुणी ब्राउझरचा साठा साफ केला की ती जातील. तेव्हा वहीला एक बटण जोडा, टिपणे साध्या फाईलमध्ये उतरवून घेण्याचे. काम तासाभराचेच आहे.