श्रमसंहितांच्या कसोटीवर मनुष्यबळ व्यवस्थापनाचे शिक्षण

सिहोरा (जबलपूर) : चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर लागू झाल्या आणि २९ जुने कामगार कायदे इतिहासजमा झाले. या बदलाची चर्चा प्रामुख्याने उद्योग आणि कामगार संघटना यांच्या अंगाने झाली. मनुष्यबळ व्यवस्थापन व औद्योगिक संबंध या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांचे काय, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. उद्या कारखान्यांत आणि खाणींत या संहितांची अंमलबजावणी त्यांनाच करावयाची आहे.

हा प्रश्न केवळ महानगरांचा नाही. जबलपूर-कटनी मार्गावरील सिहोरा हे लोहखनिजाच्या पट्ट्यातील तालुक्याचे गाव. येथील खाणकामगाराचा औद्योगिक वाद केंद्र सरकारच्या कक्षेत येतो; त्याच गावातील दुकानात काम करणाऱ्याचा वाद राज्य सरकारकडे जातो. जबलपूर येथे केंद्रीय औद्योगिक न्यायाधिकरण आहे. कोणते सरकार सक्षम आणि दाद कोठे मागावयाची, हे ठरविणे या विषयाच्या अभ्यासाची पहिली पायरी होय. ती चुकली तर पुढील सारी कारवाई डळमळीत होते.

संहितांतील काही आकडे एकत्र ठेवून पाहिले, तर बदलाचे स्वरूप स्पष्ट होते. १९४८ च्या कारखाने अधिनियमानुसार ५०० किंवा अधिक कामगार असल्यास कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक होते. नव्या व्यवस्थेत कारखाने, खाणी व मळ्यांसाठी ही मर्यादा २५० वर आली आहे. साहजिकच प्रशिक्षित अधिकाऱ्यांची गरज वाढणार आहे. दुसरीकडे, ले-ऑफ, कामगार कपात किंवा उद्योग बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली आहे. प्रमाणित स्थायी आदेशांचे बंधनही आता ३०० कामगारांपासूनच आहे. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी पूर्वी २० कामगारांपासून लागू होत. आता त्या ५० पासून लागू होतात.

याचा अर्थ असा की, २५० ते २९९ कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी असणे सक्तीचे आहे. परंतु सेवाशर्तींचे प्रमाणित स्थायी आदेश सक्तीचे नाहीत आणि कपातीपूर्वी सरकारी परवानगीही आवश्यक नाही. कायद्याचे कुंपण जेथे विरळ झाले, तेथेच या अधिकाऱ्याच्या विवेकावरील भार वाढला आहे. त्याचे वेतन व्यवस्थापन देते आणि त्याचे काम कामगारांच्या हिताशी जोडलेले असते. हा ताण पेलण्याची तयारी भरती, मूल्यमापन आणि वेतनपत्रक यांपुरत्या शिक्षणातून होणार नाही.

या विद्याशाखेची मुळे वेगळ्या मातीत आहेत. १९३६ मध्ये मुंबईत सुरू झालेली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही संस्था पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून नावारूपाला आली. म्हणजेच देशातील या विषयाचे एक प्रमुख केंद्र समाजकार्याच्या शिक्षणातून उभे राहिले. परळच्या महाराष्ट्र कामगार अभ्यास संस्थेला नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आहे. १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना बांधणाऱ्या आणि १८९० मध्ये रविवारची साप्ताहिक सुटी मिळवून देणाऱ्या नेत्याचे नाव अशा संस्थेला असणे अर्थपूर्ण आहे. काळाच्या ओघात ‘कामगार कल्याण’ आणि ‘औद्योगिक संबंध’ या संज्ञा मागे पडून ‘मनुष्यबळ’ हा शब्द रूढ झाला. शब्द बदलला की दृष्टीही बदलते. संबंध दोन पक्षांत असतो, तर बळ वापरावयाचे असते.

जबलपूरच्या आयुध निर्माणी हे याचे ताजे उदाहरण होय. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन ४१ कारखाने ७ सरकारी कंपन्यांत विभागले गेले. खमरियाची निर्माणी पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया कंपनीकडे गेली, तर वाहन निर्माणी आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे. कर्मचारी मात्र केंद्र सरकारचे कर्मचारी म्हणूनच मानीव प्रतिनियुक्तीवर राहिले. एकाच शहरातील कामगार वेगवेगळ्या कंपन्यांत विभागले जातात, तेव्हा वाटाघाटी कोणाशी आणि सेवाशर्तींची हमी कोण देणार, हे प्रश्न पाठ्यपुस्तकी राहत नाहीत.

नव्या संहितेत वाटाघाटींची चौकटही बदलली आहे. एकाहून अधिक संघटना असल्यास ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेला एकमेव वाटाघाटी संघटनेचा दर्जा मिळेल. अन्यथा वाटाघाटी परिषद स्थापन होईल. संपापूर्वी १४ दिवसांची सूचना आता सर्वच औद्योगिक आस्थापनांत आवश्यक आहे. निश्चित मुदतीच्या कर्मचाऱ्याला एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. यातील प्रत्येक तरतूद मालकाला सोयीची किंवा कामगाराला उपकारक ठरू शकते. ती कोण आणि कशी राबवितो, यावर ते अवलंबून आहे.

त्यामुळे विद्यापीठांपुढील काम नवी कलमे अभ्यासक्रमात घालण्याने संपत नाही. न्यायाधिकरणातील निवाड्यांचे वाचन, खाणी व लहान कारखान्यांतील प्रत्यक्ष क्षेत्रकार्य आणि कामगार संघटनांशी संवाद यांना गुणपत्रिकेत स्थान द्यावे लागेल. सिहोऱ्यासारख्या गावातील तरुणाला ही पदवी नोकरीचे दार उघडून देईल. त्या दारातून आत गेल्यावर कंत्राटी खाणकामगाराची तक्रार तो ऐकून घेणार की केवळ नोंदवून ठेवणार, हे मात्र वर्गात काय शिकविले जाते यावर ठरणार आहे.