ओमनीचे पाटे काढावेत का?

साकोलीहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. घरात जुनी ओमनी आहे. त्यांचे दीर तिच्यातून मोहल्ल्यातली मुले शाळेत नेतात-आणतात. मागे बसणाऱ्या मुलांना फार धक्के बसतात. मिस्त्रीचे म्हणणे, भंगारातून ईकोचे मागचे हाऊसिंग स्प्रिंगांसकट आणू, गाडी कारसारखी चालेल. या कामासाठी भगिनींनी शिलाईतून साठवलेले पैसे जाणार आहेत, म्हणून त्यांनी आम्हाला विचारले.

आमचे मत आधीच सांगतो: बसवू नये. पण नुसत्या नकाराने दिरांचे समाधान होणार नाही, त्यांना कारण हवे.

मारुतीची ही व्हॅन 1984 साली आली आणि 2019 पर्यंत बनत राहिली. भंडारा जिल्ह्यात तिने काय काय केले नाही! लग्नाचे वऱ्हाड, ताजबागच्या उर्सला जाणारी मंडळी, नागपूरच्या दवाखान्यात न्यायचा पेशंट, सगळे तिच्याच पोटात. तिच्यावर लोकांचा जीव आहे तो उगाच नाही. इंजिन पुढच्या सीटखाली, मागे सरळ धुरा आणि त्याखाली लोखंडी पाटे, अशी तिची साधी रचना. ईकोतही मागे सरळ धुराच आहे, पण पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग. मिस्त्रीला वाटते, धुरा तसाच, मग स्प्रिंग बदलायला काय लागते?

इथेच गफलत होते. पाटा दोन कामे करतो. तो वजन झेलतो आणि धुऱ्याला जागेवर धरूनही ठेवतो. धुरा पुढेमागे सरकत नाही, आडवा जात नाही, तो पाट्यामुळेच. कॉइल स्प्रिंग फक्त वजन झेलते. धुऱ्याला धरायला वेगळे दांडे लागतात: पुढेमागे धरणारे आणि एक आडवा. ईकोच्या बॉडीत त्या दांड्यांसाठी आणि स्प्रिंगांच्या बैठकीसाठी कंपनीने मजबूत जागा केलेल्या आहेत. ओमनीच्या बॉडीत त्या नाहीत. मिस्त्री तिथे पट्टी वेल्डिंग करणार, आणि तीही पंधरा वर्षे पावसाचे पाणी प्यायलेल्या पातळ पत्र्यावर. लाखनीच्या पुढे महामार्गावर वेगात असताना आडव्या दांड्याचे वेल्डिंग सुटले, तर सगळा मागचा धुरा बाजूला सरकतो. आत दुसऱ्यांची मुले आहेत, ती अमानत आहे.

दोन गाड्यांची मापेही वेगळी. ओमनीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर 1840 मिलिमीटर, ईकोचे 2350. चाकेसुद्धा 12 इंची आणि 13 इंची. ईकोचे मागचे ब्रेक मोठ्या गाडीच्या हिशेबाने केलेले. रिकाम्या ओमनीची शेपटी हलकी असते. मागची चाके पुढच्यांआधी जाम झाली की गाडी गिरकी घेते. रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टरचा चिखल रस्त्यावर पसरलेला असतो, तेव्हा तर विचारूच नका.

कायद्याचेही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला मनाने करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. गॅस किटची गोष्ट वेगळी: ते मंजूर असते आणि आरसी बुकावर चढते. अपघात झाला तर विमा कंपनी आधी हेच शोधते. आणि हो, मुले भाड्याने नेत असतील तर गाडीची नोंदणी आणि परवाना त्याच कामाचा हवा. पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून आठवण करून देतो.

मग धक्क्यांचे काय? बहुतेक जुन्या ओमनीत दोष पाट्यांच्या जातीचा नसतो, त्यांच्या हालाचा असतो. पाने गंजून एकमेकांना चिकटतात, मग पाटा वाकतच नाही, नुसता आदळतो. बुश दगडासारखे होतात, शॉकअपमधले तेल केव्हाच गळून गेलेले असते. महामार्गालगत कमान-पाट्याचे काम करणारे कारागीर असतात, त्यांच्याकडे दोन्ही बाजूंचे संच उतरवून द्यावेत. प्रत्येक पान घासून ग्रीस लावावे, तुटलेले पान त्याच जाडीचे घालावे. "एक पान जास्त टाकतो, मजबूत होईल," असे कोणी म्हणाले तर नको म्हणावे, गाडी आणखी कडक होईल. शॉकअप जोडीनेच बदलावेत. टायरमध्ये हवा कंपनीने लिहिली तेवढीच ठेवावी. हवा जास्त भरल्यानेही धक्के वाढतात, पण आपल्याकडे ती अंदाजानेच भरतात.

मिस्त्रीला दोन गोष्टी मात्र समोर उभे राहून करायला लावा. शॅकल आणि बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळू नयेत. चाके जमिनीला टेकून वजन आल्यावर आवळावेत, नाहीतर नवा बुश पिळलेलाच राहतो आणि लवकर फाटतो. यू-बोल्ट नवेच घालावेत आणि तीन-चारशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्यावेत. साकोली ते भंडारा जाऊन-येऊन चार-पाच फेऱ्या झाल्या की तेवढे अंतर होते.