पहिली सोनोग्राफी सहाव्या-सातव्या आठवड्यात का नाही?

उंबरमाळी, खर्डी, कसारा पट्ट्यातल्या मंडळींनो, विषय चारचौघांत बोलायचा नाही म्हणतात, म्हणूनच लिहितोय.

आशाताईंच्या निश्चय कार्डावर दोन रेघा उमटल्या की घरात आनंद. पण कार्ड फक्त दिवस गेलेत एवढंच सांगतं. गर्भ कुठे राहिलाय, ते नाही. 100 जणींत एक-दोघींचा गर्भ पिशवीबाहेर रुजतो. बहुतेकदा गर्भनलिकेत, क्वचित अंडाशयावर, पोटाच्या पोकळीत, नाहीतर आधीच्या सिझेरियनच्या व्रणात. नळी फुटते ती बहुधा सहा ते आठ आठवड्यांच्या आसपास. रक्त आतल्या आत साठतं आणि बाहेर दिसतो तो थोडासा डाग, ओटीपोटात कळ, चक्कर. घरचे म्हणतात गॅस असेल, पाळी उशिरा आली असेल.

हे आधी कळतं ते सोनोग्राफीत, तीही आतून केलेली असेल तर जास्त नीट. व्रणातला गर्भ ओळखायला तर सरावलेली नजर लागते, घाईत बघितलं तर तो पिशवीतच वाटतो. वेळेत सापडलं तर काही जणींचं इंजेक्शनवर भागतं. नळी फुटली की ऑपरेशन आणि रक्ताची धावाधाव.

आता सरकारी गणित बघा. दर महिन्याच्या 9 तारखेचं प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान 2016 पासून चालू आहे. चांगलंच आहे. पण ते दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या बायांसाठी! नळी फुटायची ती पहिल्याच तिमाहीत.

2014 साली नागपूरला एका साठीच्या बाईच्या पोटातून गर्भाचा सांगाडा काढला. 1978 सालचा, पिशवीबाहेरचा गर्भ. ऑपरेशनच्या भीतीनं ती तेव्हा गावी निघून गेली होती. ती वाचली, हे नशीब. सगळ्या वाचत नाहीत.

आणि हो, 1994 चा कायदा गर्भलिंग तपासणीच्या विरोधात आहे, सोनोग्राफीच्या नाही. कुणी घाबरवलं तर ऐकू नका.

माझी मागणी साधी आहे. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस सहा-सात आठवड्यांच्या बायांसाठी ठरवा, मशीनवर जाणकार डॉक्टर बसवा. उंबरमाळीच्या बाईला आसनगावला उतरून पुढे रिक्षा करावी लागते, तिचं काम एका फेरीत व्हावं.

तोवर पाळी चुकलेली असताना कळ, डाग किंवा चक्कर आली तर 9 तारखेची वाट बघू नका, थेट 108 लावा. पोस्ट तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पाठवतोय. उत्तर आलं की इथेच टाकतो.