पर्यावरण अभियंत्याचा धनी कोण?

मुचकुंदी नदी जेथे समुद्राला मिळते, त्या पूर्णगडच्या खाडीकाठी बापाच्या होडीवर पाऊल न ठेवण्याचा निश्चय केलेली तरुण पिढी वाढत आहे. रत्नागिरीच्या मोठ्या मच्छीमार बोटींवर आज नेपाळी खलाशी दिसतात, ते उगाच नव्हे. अशा घरातील बारावी विज्ञान झालेल्या मुलाला वा मुलीला ‘पर्यावरण अभियांत्रिकी’ हे नाव आकर्षक वाटावे, यात नवल नाही. खाडी वाचविण्याचे शिक्षण, आणि वर पगार! परंतु घरातील दागिने गहाण टाकण्यापूर्वी या पदवीचा हिशेब नीट मांडला पाहिजे.

महाराष्ट्रात विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांचे दार 1983 साली वसंतदादा पाटील यांच्या कारकिर्दीत उघडले. त्याच वर्षी निघालेले कोल्हापूरचे के.आय.टी. महाविद्यालय ही पदवी देणाऱ्या मोजक्या संस्थांपैकी एक. खाजगी महाविद्यालयाचे शुल्क आज वर्षाला लाखाच्या आसपास, कित्येक ठिकाणी त्याहून पुढे जाते. परगावी राहण्याजेवण्याचा खर्च जवळपास तेवढाच धरला, तर चार वर्षांत सात-आठ लाख रुपये होतात. शिवाय त्या चार वर्षांत हाताला मिळाली असती ती मजुरी बुडते, ती वेगळीच. 2024 साली शासनाने आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतील इतर मागास व आर्थिक दुर्बल वर्गांच्या मुलींचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ केले, हे स्वागतार्ह होय. पण खाणावळीचे बिल माफ होत नाही. आणि त्याच घरातील मुलाला अजून शुल्काच्या निम्म्यावरच समाधान मानावे लागते.

खर्चाची बाजू ही अशी. मिळकतीची बाजू अधिक विचारात घेण्यासारखी आहे.

कापड खपते म्हणून विणकर लागतो. स्वच्छ खाडी मात्र बाजारात कोणी विकत घेत नाही. कारखान्याचा नफा मालकाचा आणि त्याची घाण सर्वांची, ही बाब पिगू या अर्थशास्त्रज्ञाने 1920 सालीच ग्रंथात मांडली होती. तेव्हा पर्यावरण अभियंत्याला मागणी येते ती बाजारातून नव्हे, कायद्यातून. जलप्रदूषणाचा कायदा 1974 चा, हवेचा 1981 चा, आणि भोपाळच्या हत्याकांडानंतर आलेला पर्यावरण संरक्षणाचा 1986 चा. कायदा जितका कडक राबेल तितकी या पदवीची किंमत. तो कागदावर झोपला की पदवीही झोपली.

आणि तो झोपलेलाच आहे. देशभरच्या राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळांतील मंजूर पदांपैकी जवळजवळ निम्मी रिकामी असल्याचे 2024 साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे आले. जिच्या कामासाठी हे शास्त्र शिकवायचे, ती नोकरी सरकार स्वतःच भरीत नाही! याच जिल्ह्यात लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीमुळे दाभोळ खाडीतील मच्छीमारांचे हाल गेली कित्येक वर्षे चालू आहेत. तेथे सामायिक सांडपाणी केंद्र आहे, कायदाही आहे. पाहणारा माणूस पुरेसा नाही.

मग पदवीधर जातो कोठे? बहुधा कारखान्यात किंवा सल्लागार कंपनीत. प्रकल्पाचा पर्यावरणीय आघात-अहवाल 1994 पासून सक्तीचा झाला, 2006 साली त्याचे नियम बदलले. परंतु अहवाल लिहिणाऱ्याचे बिल प्रकल्पाचा मालकच चुकवितो, ही गोम कायम राहिली. पूर्णगडच्या दक्षिणेस जैतापूरच्या अणुप्रकल्पाचा अहवाल नागपूरच्या ‘नीरी’ या सरकारी संस्थेने केला, तोही अणुऊर्जा महामंडळासाठीच. खाडीवर पोट असणाऱ्या खारवी आणि दालदी कुटुंबांच्या वतीने अहवाल लिहिणारा अभियंता कोणाच्या पगारावर राहावा, याची तरतूद कोठेच नाही. मच्छीमाराच्या मुलीने शिकून मच्छीमाराविरुद्धचे दाखले तयार करावेत, असा हा व्यवहार होऊ शकतो. तिला दोष देणे सोपे आहे, पण कर्जाचा हप्ता तिच्याच नावावर असतो.

याचा अर्थ हे शास्त्रच शिकू नये, असा मुळीच नाही. ते कोकणाला हवेच आहे. मात्र आधी स्थापत्याची पदवी आणि त्यावर पर्यावरणाचे पदव्युत्तर शिक्षण, हा मार्ग गरीब घराला अधिक परवडणारा. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणासारख्या ठिकाणी भरती मुख्यतः स्थापत्य अभियंत्यांचीच होते. निव्वळ पर्यावरणाच्या पदवीधराला अनेकदा समकक्षतेचे दाखले गोळा करीत हिंडावे लागते. पदव्युत्तर पातळीवर ‘गेट’ परीक्षेत 2021 पासून या विषयाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे, आणि त्या परीक्षेतून प्रवेश मिळविणाऱ्यास दरमहा 12,400 रुपयांची शिष्यवृत्ती मिळू शकते. म्हणजे घरून पैसे मागविण्याऐवजी थोडेफार घरी पाठविताही येतील.

कोकणातील आंदोलनांनी जमीन मागितली, मोबदला मागितला, प्रकल्प परतविलेही. नव्वदीच्या दशकात स्टरलाइटला रत्नागिरीतून हलावे लागले ते लोकांच्या रेट्यानेच. पण प्रदूषण मंडळाची रिकामी पदे भरा, ही मागणी मोर्चाच्या फलकावर क्वचितच दिसते. रत्नागिरी जिल्ह्यासाठी मंजूर पदे किती व भरलेली किती, हा आकडा माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतो.